सोंडेने उतरलो, नाळेने चढलो: ग्रँड कॅनियनचा तळ

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहायचं म्हणजे भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ग्रँड कॅनियन दाखवायला नेणं आलंच. साडेतीन-चार तास गाडी, मग काठावरचे दोन-तीन पॉइंट, फोटो, सूर्यास्त, आणि परत. मीही कितीतरी वर्षं तेच करत होते आणि दर वेळी कठड्याला टेकून खाली बघताना एकच विचार यायचा, की ती जी बारीक पांढुरकी रेघ खाली पठारावरून जाताना दिसते ती वाट आहे, तिच्यावरून माणसं चालतायत, मग आपण इथं वर काय करतोय. लहानपणापासून सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला दरी वरून बघून समाधान होत नाही. तर शेवटी मी, नवरा आणि माझी मामेबहीण असे तिघं तळापर्यंत जाऊन, तिथं राहून, परत चढून आलो, त्याबद्दल लिहितेय. बरेच जण विचारतात कसं केलं, म्हणून जरा सविस्तर.

आधी परमिट. एका दिवसात खाली जाऊन वर यायला परमिट लागत नाही पण पार्कवाले ते करू नका असं जागोजागी बोर्ड लावून सांगतात आणि ते बरोबरच आहे, दरवर्षी शेकडो लोकांना तिथून सोडवून आणावं लागतं. तळाशी मुक्काम करायचा तर दोन पर्याय. एक फँटम रँच, म्हणजे 1922 साली मेरी कोल्टर या बाईंनी डिझाइन केलेल्या दगडी केबिन्स, त्यांची लॉटरी वर्षभराहून जास्त आधी निघते. दुसरा पर्याय त्याच्याच जवळचं ब्राइट एंजल कॅम्पग्राउंड, तिथं आपला तंबू आपण न्यायचा, आणि त्याची लॉटरी साधारण चार महिने आधी. ही लॉटरी लागली म्हणजे जागा मिळाली असं नसतं हं, लागली की तुम्हाला एक तारीख आणि वेळ देतात, त्या वेळी लॉग इन करून उरलेल्या तारखांमधून आपली तारीख उचलायची. आम्हाला ऑक्टोबर अखेर हवा होता, कारण उन्हाळ्यात तळाशी सावलीत चाळीसच्या वर तापमान असतं आणि थंडीत वरच्या टप्प्यात बर्फ साचून वाट काचेसारखी होते. बऱ्याच खटपटीनंतर तारीख मिळाली तेव्हा नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, त्याला मेसेज केला तर तो तिथंच "येस" म्हणून ओरडला म्हणे.

वाट ठरवणं हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण तिथंच कॅनियन समजायला सुरुवात झाली. दक्षिण काठावरून तळाशी जायला दोन नीट बांधलेल्या वाटा आहेत, साउथ कायबाब आणि ब्राइट एंजल. नकाशा पसरून बघितला आणि बहीण म्हणाली, "ताई, ही सोंड आहे आणि ती नाळ आहे." अगदी बरोबर. साउथ कायबाब एका सोंडेवरून, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी दरी ठेवून उतरते, सव्वाअकरा किलोमीटरभर, पाण्याचा थेंब नाही, सावली जवळजवळ नाही, उतार तीव्र. ब्राइट एंजल मात्र नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या घळीतून चढते, अंतर पंधरा किलोमीटरच्या वर, पण वाटेत ओढा, झाडं, पाणी. उतरायला सोंड आणि चढायला नाळ हे आपल्याकडचं गणित इथं पण लागू पडतं आणि बहुतेक सगळे तसंच करतात.

पण या दोन वाटा अशा का आहेत? नाळेची वाट निसर्गाने दिलीय. तिथं ब्राइट एंजल नावाचा भ्रंश आहे, त्याने सगळे कडे फोडून ठेवलेत, एका बाजूचे थर दुसऱ्या बाजूपेक्षा सरकलेत, त्या फटीतून ओढा वाहतो आणि माणसाला उतरायला जागा मिळते. हवासुपाई, म्हणजे इथले मूळचे आदिवासी लोक, पिढ्यानपिढ्या तिथूनच ये-जा करायचे. सोंडेची वाट मात्र चक्क एका भांडणातून जन्मलीय. 1890 च्या सुमारास राल्फ कॅमेरून नावाच्या माणसाने आणि त्याच्या भागीदारांनी हवासुपाईंची ती जुनी वाट रुंद केली, मग त्याने वाटेवरच्या मोक्याच्या जागांवर खाणीचे दावे लावले आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून एक डॉलर टोल घ्यायला लागला. खाणीत काही मिळो न मिळो, 1901 मध्ये रेल्वे काठापर्यंत आल्यावर पर्यटक मिळायला लागले. 1908 मध्ये थिओडोर रूझवेल्टनी कॅनियनला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1920 मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅमेरूनच्या विरोधात निकाल दिला, तरी हा माणूस त्याच सुमारास अमेरिकेचा सिनेटर होऊन बसला आणि वाट काही पार्कच्या हातात येईना. शेवटी पार्क सर्व्हिसने ठरवलं की आपली वेगळी वाट काढू, आणि 1924-25 मध्ये सुरुंग लावून सोंडेवरून साउथ कायबाब खोदली. म्हणून ती कुठल्या झऱ्याला धरून जात नाही. पाण्यासाठी ती वाट कधी नव्हतीच.

सामान: पाणी प्रत्येकी चार लिटर, कारण उतरताना कुठे मिळत नाही. खारे दाणे, चिवडा, थेपले, चिक्की, रात्रीसाठी इन्स्टंट भात आणि मेतकूट. खारट खाणं फार महत्त्वाचं आहे, नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि माणूस कोसळतो, रेंजर हे वारंवार सांगतात. ट्रेकिंग पोल दोन-दोन घ्याच, गुडघे वाचतात.

साउथ कायबाबच्या सुरुवातीला खासगी गाडी नेता येत नाही, पहाटेची हायकर्सची शटल बस असते, तिने गेलो. उजाडता उजाडता उतरायला लागलो तेव्हा वर चांगलीच थंडी होती, टोपी-हातमोजे घालून निघालो आणि पहिल्या तासातच एकेक काढायला लागलो. सुरुवातीची वळणं अगदी कड्याला चिकटून आहेत. पायाखाली पांढरट पिवळसर चुनखडक, कायबाब लाइमस्टोन, साधारण 27 कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता त्याचा गाळ. इथं एक गोष्ट सांगते ज्याने मी स्वतः थबकले होते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. म्हणजे कॅनियनचा सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा थरसुद्धा आपल्या कातळाच्या चौपट जुना. आणि गंमत म्हणजे ही दरी मात्र तरुण आहे, कोलोरॅडो नदीने ती बहुतांश गेल्या 50-60 लाख वर्षांत कापलीय. काही भाग त्याआधीच्या जुन्या नद्यांनी कोरलेले असावेत असं काही भूशास्त्रज्ञ मानतात आणि त्यावर वाद चालू आहे, पण खडक अतिवृद्ध आणि दरी कोवळी, हे नक्की.

थोडं खाली कोकोनिनो सँडस्टोन लागतो, उभाच्या उभा फिकट पिवळा कडा. नीट बघितलं तर त्यात तिरक्या रेघा दिसतात, एकमेकींना छेदणाऱ्या, त्या वाळूच्या टेकड्यांच्या उतरणी आहेत. म्हणजे 27-28 कोटी वर्षांपूर्वी इथं खरंखुरं वाळवंट होतं, आणि आज आपण वाळवंटी दरीत उभं राहून त्या वाळवंटाला हात लावतो. मी लावला, आणि बोटांना बारीक रवाळ वाळू लागली. त्याच वाळूवरून चालत गेलेल्या प्राण्यांच्या पायांचे ठसे या थरात सापडलेत. त्याच्याखाली लालभडक हर्मिट शेल, आणि तिथून सगळीकडे लाल धूळ, बूट, मोजे, पिंडऱ्या सगळं लाल.

सीडर रिज हा पहिला मोठा थांबा. तिथून समोर ओ'निल ब्यूट नावाचा सुळका इतका जवळ वाटतो की पाच मिनिटांत पोचू, आणि आपण चालतोय चालतोय तरी तो तिथंच. इथं अंतराचा अंदाज साफ चुकतो, आणि ही तक्रार फार जुनी आहे. 1540 साली गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार होपी या इथल्या मूळ जमातीच्या वाटाड्यांबरोबर याच दक्षिण काठावर आला, युरोपातून आलेल्यांपैकी कॅनियन बघणारे हे पहिले. त्याच्यातले तिघं नदीपर्यंत उतरायचा प्रयत्न करून एक तृतीयांश वाटेवरूनच परत आले आणि सांगितलं की वरून माणसाएवढे वाटणारे खडक प्रत्यक्षात सेव्हिल शहरातल्या मोठ्या मनोऱ्याहून उंच आहेत. होपी लोकांची मीठ आणायला तळाशी उतरायची स्वतःची वाट होती. ती काही त्यांनी पाहुण्यांना दाखवली नाही.

त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं बाहेरच्यांनी इकडे फारसं फिरकलंच नाही. 1858 मध्ये लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्ज पश्चिमेकडून आला आणि अहवालात लिहून गेला की ही जागा निरुपयोगी आहे, आम्हीच इथं येणारे पहिले आणि बहुधा शेवटचे गोरे असू. आता वर्षाला चाळीस-पन्नास लाख लोक येतात.

स्केलेटन पॉइंटनंतर रेडवॉल. हा कॅनियनचा सगळ्यात ठसठशीत कडा, दीडशे मीटरच्या वर उंच, लांबून विटकरी लाल. वळणावर एक ताजा फुटलेला तुकडा पडला होता, तो उचलून बघितला तर आतून राखाडी! रेडवॉल मुळात करडा चुनखडक आहे, वरच्या लाल थरांमधलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याच्यावर चढलंय. नवऱ्याने तो तुकडा उलटा-पालटा करून बघितला आणि परत तिथंच ठेवला, इथून काहीही न्यायला बंदी आहे. याच कड्यातून सुरुंगाने काढलेली वळणं उतरताना गुडघे बोलायला लागतात, आणि तेवढ्यात खालून खेचरांची रांग आली. फँटम रँचचा सगळा माल खेचरांवरूनच जातो आणि तिथला कचरा त्यांच्याच पाठीवरून वर येतो. ती आली की डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं, दरीच्या बाजूला चुकूनही थांबायचं नाही.

रेडवॉल संपला की टोंटो पठार. आपल्याकडे डोंगराला पदर असतो ना, कड्यांच्या मधला सपाट टप्पा, तसा हा कॅनियनचा पदर, काटेरी झुडपं आणि घायपातीसारखे अगाव्ह पसरलेले. वरून जी पांढुरकी रेघ दिसायची ती इथलीच. उत्तरेला झोरोआस्टर आणि ब्रह्मा ही शिखरं उभी ठाकलेली. हो, ब्रह्मा. 1880 च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने इथल्या शिखरांना पूर्वेकडच्या देवदेवतांची नावं द्यायची पद्धत पाडली, विष्णू आणि शिव त्यानेच ठेवलेली, पुढे कृष्ण, राम, मनू, बुद्ध सगळे आले. तळाच्या सगळ्यात जुन्या खडकालासुद्धा त्या शिखरावरून विष्णू शिस्ट म्हणतात. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती सगळ्यांना नमस्कार सांग म्हणाली, आणि आम्ही खरंच केला.

पदराच्या टोकावरून नदी दिसली तेव्हा आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. हिरवी नदी. जुने लोक सांगायचे की कोलोरॅडो म्हणजे लाल, गढूळ, गाळाने जड. 1963 मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण झालं, गाळ तिथंच अडकतो आणि धरणाच्या खोल तळातलं थंडगार पाणी खाली सुटतं, म्हणून इथं बहुतेक वेळा पाणी स्वच्छ हिरवं असतं. दिसायला सुंदर आहे हे खरं, पण त्या गाळावर वाळूचे किनारे आणि कोमट गढूळ पाण्यावर इथले मूळचे मासे जगत होते, त्यांचं मोठं नुकसान झालंय, मला ते बघून वाईट वाटलं.

शेवटी एक छोटा बोगदा आणि त्यातून थेट झुलता पूल. हा कायबाब पूल 1928 चा. याच्या मुख्य तारा प्रत्येकी टनभर वजनाच्या आणि दीडशेहून जास्त मीटर लांब. खेचरांवर त्या लादता येईनात, तेव्हा 42 माणसांनी एका रांगेत खांद्यावर घेऊन आम्ही जी वळणं उतरलो त्याच वळणांवरून एकेक तार खाली आणली. बहुतेक सगळे हवासुपाई. पुलावर उभी राहून मी त्या तारेवर हात ठेवला, मनगटाएवढी जाड नाही, पण बर्फासारखी थंड आणि ताठ. पाठीवरच्या माझ्या बारा किलोच्या सॅकबद्दल मी त्यानंतर एक शब्द काढला नाही.

पूल ओलांडला की नदीकाठी जुन्या वस्तीच्या दगडी भिंतींचे अवशेष आहेत, साधारण नऊशे वर्षांपूर्वी इथं लोक राहून शेती करत होते. मग ओढ्याकाठी कॅम्पग्राउंड, कॉटनवुडची झाडं, पाय गार पाण्यात. खाण्याचे पदार्थ पत्र्याच्या डब्यात बंद ठेवायचे, खारी आणि रिंगटेल नावाचे मांजराएवढे प्राणी सॅक कुरतडतात. फँटमच्या कँटीनमध्ये लिंबू सरबत मिळतं ते प्यायलो, तिथून पोस्टकार्डं टाकली, ती खेचरावरून वर जातात आणि तसा शिक्का मारतात.

संध्याकाळी रेंजरचं बोलणं असतं, ते चुकवू नका. त्या बाईंनी पॉवेलची गोष्ट सांगितली. 1869, जॉन वेस्ली पॉवेल, यादवी युद्धात उजवा हात गमावलेला, नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन वायोमिंगमधून निघाला. ऑगस्टमध्ये याच ओढ्यापाशी मुक्काम केला तेव्हा पीठ खराब होत आलेलं, आणि इथंच पाव फुगवायचा सोडा पण नदीत वाहून गेला. या स्वच्छ ओढ्याचं ब्राइट एंजल हे नाव त्याचंच. एक जण आधीच वाटेत सोडून गेला होता, पुढे आणखी तिघं जण प्रवाहाला घाबरून काठावर चढून गेले, ते परत कुणाला दिसले नाहीत, आणि दोनच दिवसांनी उरलेले सहा जण सुखरूप बाहेर पडले. हे सगळं त्या नदीच्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला.

परतीला पहाटे अंधारातच निघालो, हेडटॉर्च लावून. दुसऱ्या पुलावरून नदी ओलांडून काठाकाठाने आणि मग डेव्हिल्स कॉर्कस्क्रूची वळणं. दोन्ही बाजूंना विष्णू शिस्ट, काळसर, चकाकणारा, उभ्या पापुद्र्यांचा, मधून गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा वेड्यावाकड्या गेलेल्या. साधारण 170 कोटी वर्षं वयाचा. एका जुन्या पर्वतरांगेच्या पोटात दाबला आणि भाजला गेलेला हा खडक. त्याच्यावर थेट आडवा बसलाय टपीट्स सँडस्टोन, 50 कोटींच्या जरासा वरचा. मधली जवळपास 120 कोटी वर्षं झिजून नाहीशी झालीत. उभे पापुद्रे जिथं संपतात आणि आडव्या फरश्या सुरू होतात ती रेघ बघताना मी तिथं बराच वेळ थांबले, मागून येणारे लोक पुढे गेले, बहीण वरून हाका मारत होती, पण मला हलवेना.

मग आलं हवासुपाई गार्डन्स. उजाड खडकातून वर येताना अचानक कॉटनवुडची दाट सावली, ओढ्याचा आवाज, नळाचं पाणी. 2022 पर्यंत याला इंडियन गार्डन म्हणायचे. हवासुपाई लोक इथं मका, घेवडा, भोपळा लावायचे, हिवाळ्यात वर पठारावर शिकारीला जायचे. 1882 मध्ये सरकारने त्यांची हद्द हवासू कॅनियनमधल्या 518 एकरांवर आणली आणि पुढे पार्क झाल्यावर इथून पण हटवलं, कॅप्टन बुरो हा इथला शेवटचा रहिवासी 1928 मध्ये गेला. आणि 1928 हेच साल त्या पुलाचं. त्याच वर्षी कॅमेरूनवाली ही वाटही शेवटी पार्कच्या ताब्यात आली. एकाच वर्षात त्यांच्या माणसांच्या खांद्यावरून तारा उतरल्या आणि त्यांच्याच शेवटच्या माणसाला त्याच्या शेतातून उठवलं. मी त्या बाकावर बसून थेपला खात होते आणि तो गळ्याखाली उतरेना. 1975 मध्ये सुमारे 1,85,000 एकर पठार त्यांना कायद्याने परत मिळालं, बऱ्याच लढ्यानंतर, पण ही बाग त्यात नाही.

इथून वर साडेसात किलोमीटर, आणि खरी चढण हीच. रेडवॉलमधली वळणं, त्यांना जेकब्ज लॅडर म्हणतात, तिथं माझा दम पुरता निघाला. दहा मिनिटं चालायचं, दोन मिनिटं थांबायचं, दाणे खायचे. भ्रंश इथं स्पष्ट कळतो, डावीकडचा एक थर आणि उजवीकडचा तोच थर एका पातळीत नाहीत. याच वाटेच्या कडेला कोसळलेल्या एका मोठ्या दगडावर सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीचे प्राण्याच्या पावलांचे ठसे मिळालेत, एका भूशास्त्रज्ञाला ते 2016 मध्ये चालता चालता दिसले, त्याआधी हजारो लोक शेजारून गेले असतील.

शेवटच्या टप्प्यात वरून चपला घालून, हातात छोटी बाटली घेऊन उतरणारे लोक भेटायला लागले. दुपारची वेळ. एका कुटुंबाला, मराठीच होते, नागपूरकडचे, मी थांबवून सांगितलं की काका, उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा आणि इथूनच फिरा, आजोबांना पुढे नेऊ नका. ते फिरले, आमच्याबरोबरच हळूहळू वर आले, आणि वाटेत मी त्यांच्या मुलीला रेडवॉलचा राखाडी रंग कुठे बघायचा ते सांगितलं.

पुढच्या वेळी उत्तर काठावरून उतरायचंय. तो काठ दक्षिण काठाहून तीनशेएक मीटर उंच आहे आणि पठाराचा उतार दक्षिणेकडे असल्याने तिकडचं पाणी दरीत येतं, इकडचं दरीपासून दूर वाहून जातं, म्हणून उत्तरेची बाजू खूप आतपर्यंत झिजलीय आणि तिकडची वाट दुपटीने लांब. जुलै 2025 च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं, तेव्हा वाट आणि पाणी कुठे-कुठे चालू आहे हे पार्ककडून विचारून मगच लॉटरीत नाव टाकणार आहोत. पाण्याची पाइपलाइन पण जुनी आहे, सारखी फुटते, दुरुस्तीसाठी तळाचे कॅम्प बंद ठेवतात. तुम्ही जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचे नळ चालू आहेत का ते बघाच, आणि फिल्टर सोबत ठेवा.